केमिकलचा डाग

आमच्या मिलमध्ये ज्याच्या अंगावर डाग नाही तो माणूस ऑफिसातला. बाकी सगळ्यांना डाग. कुणाला ब्लीचचा, कुणाला कॉस्टिकचा, कुणाच्या नखांत निळा रंग असा बसलेला की लग्नाच्या हळदीनंही निघाला नाही. सुरतेजवळ पलसाण्याला हायवेच्या कडेनं ज्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आहेत त्यांतल्या एकीत मी ट्रेसर होतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आम्ही एकमेकांचे डाग बघायचो आणि कशानं पडला ते ओळखायची पैज लावायचो. माझ्या उजव्या कोपराच्या वर फिकट डाग दिसला तेव्हा तशीच पैज लागली. स्क्रीन धुणारा म्हणाला ब्लीच, कलर मास्टर म्हणाला हायड्रो. मी म्हणालो, काही का असेना, दुखत नाही ना, मग गेलं खड्ड्यात.

दोन वर्षं तो डाग मी असाच वागवला. त्याच्यासारखे आणखी तीन आले, एक पाठीवर, दोन मांडीवर. पाठीवर केमिकल कसं उडेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. म्हणजे आला असेल, मी त्याला बसू दिलं नाही.

बरं, मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. आम्ही कोसाडला राहायचो. मिलची बस अमरोलीला यायची, आणि जिथं मी रोज सकाळी तिची वाट बघत उभा राहायचो तिथल्या भिंतीवर आरोग्य खात्यानं गुजरातीत हेच रंगवलं होतं, की अंगावर सुन्न डाग असेल तर दवाखान्यात या. मी ती भिंत वर्षानुवर्षं बघितली. अक्षरं वाकडी, दोन ओळींतलं अंतर चुकलेलं, शेवटचा शब्द कोपऱ्यात कोंबलेला. कोणा गाढवानं रंगवलंय म्हणून मी रोज शिव्या द्यायचो. काय लिहिलंय ते एकदाही मनावर घेतलं नाही. मी असाच माणूस होतो, रेघ बघणारा.

लाल शाई

ट्रेसरचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साडीच्या डिझाइनमध्ये सहा रंग असतील तर सहा फिल्म लागतात. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असते, वर डिझाइन, त्यावर पारदर्शक फिल्म, आणि एकेका रंगाचा भाग तेवढा ब्रशनं काळ्या शाईत भरायचा. केसाएवढी रेघ सरकली तरी छापताना पान एकीकडे आणि देठ दुसरीकडे. सगळा खेळ करंगळीवर. करंगळी फिल्मवर टेकवायची आणि तिच्या आधारावर हात फिरवायचा. चौदा वर्षं माझी करंगळी त्या काचेवर फिरली. आमच्या खात्यात माझ्यासारखी रेघ कोणाची नाही, असं शेठ पाहुण्यांना सांगायचा आणि मी मान खाली घालून ऐकायचो. पण ऐकायचो नीट.

मग फिल्मवर शाई फासली जायला लागली. ओल्या रेघेवरून माझाच हात जायचा आणि मला पत्ता नसायचा. मॅनेजर बोलला तेव्हा मी ब्रशला दोष दिला, शाईला दिला, पावसाळी हवेला दिला.

दिवाळीनंतरची गोष्ट. चुकलेली शाई खरवडायला आम्ही अर्धं ब्लेड वापरायचो. मी खाली मान घालून खरवडत होतो आणि फिल्मवर एकदम लाल थेंब दिसले. आमच्याकडे लाल शाई वापरतच नव्हते. शेजारच्या टेबलावर जगदीश म्हणून यवतमाळकडचा पोरगेला ट्रेसर होता. मी त्याच्यावरच भडकलो. अक्कल आहे का, दोन दिवसांचं काम नासवलंस, तुझ्या बापानं आणली होती का लाल शाई, असं सगळ्या खात्यासमोर बोललो. तो बिचारा उठून उभा राहिला. माझं बोलून संपेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमचा हात बघा ना."

माझी करंगळी हाडापर्यंत कापली होती. रक्त मनगटावरून बाहीत चाललं होतं. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. जगदीशनं रुमाल बांधला. मला त्या पोराची माफी मागायची होती, पण मी फिल्मच पुसत बसलो. अजूनही मागितलेली नाही, तो नंतर गावी गेला.

पाटी

गल्लीतल्या डॉक्टरनं गजकर्णाचं मलम दिलं. महिनाभर चोळलं. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं, तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. चामडीच्या विभागातून त्यांनी मला एका वेगळ्या खोलीकडे पाठवलं. खोलीवर पाटी होती, गुजरातीत, रक्तपित्त. आमच्या खानदेशात रगतपिती म्हणतात. मराठी पुस्तकात कुष्ठरोग. कुठल्याही भाषेत लिहा, वाचणारा एक पाऊल मागे सरतोच. मी पाटी वाचली आणि परत फिरलो. जिन्यापर्यंत गेलो. तिथं केसपेपरची घडी करायला बाकावर टेकलो, आणि तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी माझं कोपर हातात धरलं, आतल्या बाजूची नस चाचपली आणि सरळ सांगून टाकलं. मला राग आला. रागच आला, रडू नाही. मी म्हणालो, मी रोज आंघोळ करतो. त्या म्हणाल्या, "इथं येणारे सगळेच करतात."

दोन वर्षं गोळ्या, म्हणाल्या. आजार बरा होईल, गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला लागणार नाही. बोटांचं आत्ता सांगता येत नाही, उशीर झालाय. आणि शेवटी कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा, मुलांना आधी.

मी हो म्हणालो. आणि आणलं नाही. या सगळ्या लिहिण्यातली मुद्द्याची गोष्ट तेवढीच आहे.

नस दबली

घरी काय सांगितलं, तर नस दबली. ट्रेसरांची नस दबते, खोटं वाटण्यासारखं नव्हतं. माझी बायको सुमन घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. तिनं दोन महिने माझा हात शेकला, तेल चोळलं. मी चोळू दिलं. गोळ्यांची पानं मी मिलमध्ये शाईच्या डब्यात ठेवायचो. त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते. लोक म्हणायला लागले, अरे काळा ठिक्कर पडलास की. मी म्हणायचो, उन्हात फिरतोय.

का लपवलं? आमच्या गावात नदीच्या काठाला एक म्हातारा राहायचा. माझी आई देवभोळी, मऊ मनाची बाई, तिच्या दारातून भिकारी उपाशी गेला नाही. त्या म्हाताऱ्याला ती भाकर द्यायची तेव्हा हात उंच करून वरून टाकायची. कधी कधी भाकर त्याच्या फडक्याबाहेर मातीत पडायची. मी तिच्या पदराला धरून ते बघितलेलं होतं. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला डॉक्टरबाईंचं बोलणं आठवलं नाही, ती मातीतली भाकर आठवली. आणि चौऱ्याण्णवच्या प्लेगला नुकतंच वर्ष उलटलं होतं, आजाराच्या नुसत्या नावानं माणसं माणसांना टाकून कशी पळतात ते सगळ्या सुरतेनं ताजं ताजं बघितलं होतं.

दुसरं कारण नाना. नाना माझा थोरला भाऊ. बाप गेल्यावर त्यानंच मला सुरतेला आणलं, स्वतः लूमवर बारा बारा तास उभा राहिला आणि मला ट्रेसिंग शिकायला बसवलं, का तर माझी चित्रकला चांगली. आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मधे एक भिंत. उन्हाळ्यात त्याची चार आणि माझी एक, अशी पाचही पोरं गच्चीवर एका सतरंजीवर झोपायची. नानाच्या मोठ्या पोरीचं, संगीताचं, लग्न जमत आलं होतं. मी म्हणालो, हिचं होऊन जाऊ दे, मग सांगू. माणसाला कारण पाहिजे असलं की चांगलंच कारण सापडतं.

खरं सांगायचं तर संगीता नुसती तोंडी लावायला होती. मला माझी इज्जत जपायची होती. शेठनं पाहुण्यांसमोर वाखाणलेला हात होता तो.

मेणाचं भांडं

होळीच्या सुमाराला नस सुजली आणि कोपरापासून खाली आग आग व्हायला लागली. जी बोटं कापली तरी कळत नव्हती, त्याच हाताच्या दुखण्यानं मी तोंडात उशी दाबून ओरडायचो. दवाखान्यात तीन आठवडे ठेवलं. घरी सांगितलं, नसेचं इंजेक्शन आहे, पुरुषांच्या वॉर्डात बायकांना येऊ देत नाहीत. सुमननं तेही खरं धरलं. रोज डबा गेटवर देऊन जायची.

वॉर्डात सकाळी गोळ्या, मग कोमट मेणाच्या भांड्यात हात बुडवून बसायचं, मग बोटं सरळ करायचा व्यायाम, मग पट्टी. दुपारभर काही नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस तोडणारे एक काका होते, बीडकडचे. पायाला जखम, ती भरायचं नाव घेत नव्हती. काका रोज संध्याकाळी खाटेवर बसून तळपाय आरशात बघायचे आणि पायाशी बोलायचे. काय रं बाबा, आज कुठं ठेचकाळलास? मी पहिल्या दिवशी हसलो. काका म्हणाले, "हसा की. ह्यो मला सांगत न्हाई, म्हून मलाच त्याला इचारावं लागतंय."

नर्सबाई मलाही तेच सांगायच्या, रोज हात बघा, कुठं चिरलंय, कुठं फोड आलाय. मी न बघताच बघितला म्हणायचो. तो वाकडा हात बघायचा मला तिटकारा होता. एकदा त्यांनी पकडलं. तळव्याला भेग होती आणि मी सगळं ठीक आहे म्हणालो होतो. त्या चिडल्या, एक वही माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, उद्यापासून जे बघाल ते यात लिहून दाखवायचं.

मी लिहिणारा माणूस नाही. मी काढायला बसलो. आणि तेव्हा लक्षात आलं, की उजवा हात काढायचा तर पेन्सिल डाव्या हातात धरायला हवी.

डाव्या हातानं मी कधी चहात साखरही ढवळली नव्हती. जी रेघ आली ती बघून मला रडू कोसळलं. निदान ऐकल्यापासून पहिल्यांदाच. चार वर्षांच्या पोराची रेघ. मनगट भोपळ्यासारखं, बोटं चिंचेच्या आकड्यांसारखी. मी पान फाडलं. काकांनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, हात हुबेहूब तुमचाच आहे. मी म्हणालो, थट्टा करू नका. ते म्हणाले, थट्टा न्हाई, हे बघा, करंगळीला तुमचं ब्लेड लागल्यालं हितं दिसतंय.

दिसत होतं. नर्सबाईंनीही चित्रावरून नवा फोड कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. मग मी रोज काढायला लागलो.

इथं मला थोडं माझ्याबद्दल बोलायचं आहे. चौदा वर्षं मी चित्रं काढत होतो, पण एकही रेघ माझी नव्हती. दुसऱ्याच्या डिझाइनवर फिल्म टाकायची आणि त्याच्या रेघेवर आपली रेघ. कुठं वळायचं ते मी कधी ठरवलंच नाही. आता समोर डिझाइन नव्हतं, एक वाकडा हात होता आणि दुसरा अडाणी हात. काय दिसतंय ते मलाच बघावं लागत होतं. बघता बघता मला हेही कळलं, की मी इतका तापट का होतो. सगळं आयुष्य चूक सापडेल या भीतीत घालवलं होतं. कोणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मी दुसऱ्याकडे दाखवायचो. जगदीशचा चेहरा मला त्या वॉर्डात कितीतरी वेळा आठवला. हे कळून हात सरळ झाला नाही, बोटं आजही वळलेलीच आहेत. पण सकाळी उठून जगावं असं वाटायला लागलं. त्याआधी काही दिवस तसं वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी दोनदा जाऊन उभा राहिलो होतो. ज्याला तसं होत असेल त्यानं कोणाला तरी सांगावं. मी काकांना सांगितलं. त्यांनी काही उपदेश केला नाही, फक्त खाट ओढून माझ्या आणि दाराच्या मधे लावली.

गाल

घरी आल्यावर वहीचा नाद सुटला नाही. ट्रेसिंग तर गेलं. शेठनं मला रंगाच्या खात्यात लावलं, छापलेला तुकडा नमुन्याशी जुळतो का ते बघायला, पगार निम्मा. सुट्टीच्या दिवशी मी डाव्या हातानं घरातलं काहीबाही काढायचो. स्टोव्ह, चपला, खडे चिकटवणारी सुमन.

माझी पोरगी वैशाली तेव्हा नऊ वर्षांची. जुलैतल्या एका रविवारी ती हट्टाला पेटली, की माझं काढा. दारात उजेडाला बसवली. आणि मी तिच्याकडे बघायला लागलो. नऊ वर्षांत असं बघितलं नव्हतं, हे कबूल करायला लाज वाटते. तिची एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. खालचा ओठ माझ्या आईसारखा. मी गालावर सावली भरत होतो आणि डाव्या गालावर एका जागी पेन्सिल थांबली. तिथं सावली कमी लागत होती. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, बाकी गालापेक्षा जराशी फिकट. दुसरा कोणी असता तर त्याला दिसलीही नसती. माझी सगळी नोकरीच दोन रंगांतला तेवढा फरक ओळखायची.

ती विचारत होती, झालं का पप्पा? मी म्हणालो, हलू नको.

जंत असतील, मी स्वतःशी म्हणालो. पोरांच्या गालावर फिकट चट्टे आले की आपल्याकडे जंतच म्हणतात. दोन दिवस मी ते जंतांचं घोकत बसलो. केमिकल म्हणणारा मीच, आता जंत म्हणणाराही मीच. तिसऱ्या दिवशी मिलला गेलो नाही. सुमनला खाली बसवलं आणि सांगितलं.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती खडे गोळा करत राहिली, एकेक करून डबीत टाकत राहिली. आम्ही घरात अहिराणी बोलतो, पण त्या दिवशी ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "मनी गोठ सोडा," ती म्हणाली. म्हणजे माझं सोडा. "त्या पोरनी तुमनं काय बिघाडं व्हतं?"

त्याच दुपारी आम्ही वैशालीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी वैशालीला तपासलं. एकच डाग, लवकर सापडला, सहा महिने गोळ्या घेतल्या की खूणसुद्धा राहणार नाही. तसंच झालं, पुढं तो डाग गेला. पण त्या दिवशी त्या पोरीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. आठ महिन्यांपूर्वी मी मुलांना आणायला सांगितलं होतं, म्हणाल्या. मग विचारलं, घरात आणखी मुलं आहेत? सुमननंच सांगितलं, शेजारी चार आहेत, एकाच सतरंजीवर झोपतात, आणि चुलत्यांची वेगळी, रोज येऊन जाऊन असतात.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुमन म्हणाली, कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद येतील, तिथं सांगा. मी म्हणालो, संगीताचं लग्न? ती थांबली. "तुम्ही नही सांगं तर मी सांगसू," म्हणाली आणि पोरीचा हात धरून पुढं चालायला लागली.

जे वाचतायत त्यांच्यासाठी

शेवटचं सांगायच्या आधी दोन गोष्टी. डाग दुखत नसेल, खाजत नसेल तर खूश होऊ नका, दवाखाना गाठा. गोळ्या फुकट मिळतात, आजार बरा होतो, माझा झाला. मी लवकर गेलो असतो तर माझी बोटंही राहिली असती. आणि बरे होण्याआधी, गोळीचं पहिलं पान फाडल्याबरोबर, घरच्यांना सांगा. तुमची माणसं कदाचित तुम्हाला टाकतील. टाकू देत. पण पोरांना घेऊन जा. मी धीराचा माणूस म्हणून हे सांगत नाही, आठ महिने शेपूट घातलेला माणूस म्हणून सांगतो.

रोट

कानबाई आमची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी लोक तिला बसवतो, सुरतेतसुद्धा. कुळातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. त्यांचे नियम कडक. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि त्या पानावरून अर्धवट उठायचं नाही.

सोमवारी सकाळी तापीवर देवी पोचवून आम्ही नानाच्या घरी परतलो. दुपारी पंगत बसली. नाना, दोन चुलते, चुलतभाऊ, आम्ही सगळे पुरुष आणि पोरं दोन रांगांत, बायका वाढायला. माझ्या नावाची सव्वा मूठ त्या पिठात होती. मी दोन घास खाल्ले आणि हातातला तुकडा पानात ठेवला. सुमन दारात उभी राहून बघत होती. मी मान खाली घालूनच बोललो. आजाराचं नाव सांगितलं, आपल्याकडचं, रगतपिती. आठ महिन्यांचं सांगितलं. वैशालीचं सांगितलं. म्हणालो, माझ्यापासून आता लागत नाही, पण आधी लागलं असेल, सगळी पोरं तपासायला न्यायला हवीत.

कोणी उठलं नाही, उठताच येत नव्हतं. माझ्या उजवीकडच्या चुलत्यानं आपलं ताट हळूच ओढून घेतलं. मग डावीकडच्या चुलतभावानं. रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना जागा पडली. नाना खात राहिला. पानातला शेवटचा तुकडा संपवला, पाणी प्यायला, माझ्याकडे बघितलं नाही. वाढणाऱ्या बायका भांडी हातात धरून उभ्या होत्या. संगीता आत निघून गेली. तिचं जमत आलेलं लग्न त्यानंतर दोन महिन्यांनी मोडलं, कारण कोणी बोललं नाही. पुढे चांगल्या घरी पडली, पण त्या वर्षी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

पंगत उठली. मी माझं ताट स्वतः घासलं आणि चपला शोधत होतो, तेवढ्यात नानाची बायको, माझी वहिनी, तिच्या धाकट्या पोरीला घेऊन आली. पदर तोंडाला लावलेला. चार हातांवर थांबली, पोरीला पुढे ढकललं आणि म्हणाली, "भाऊ, इले दखा. तुमले दिसस ना? दखा बरं."

मी बघितलं. हात पाठीमागे बांधून, हातभर अंतरावरून, दारातल्या उजेडात. वहिनीच तिला वळवत होती. वहिनीच्या मागे दुसरी बाई पोराला घेऊन उभी राहिली, मग तिसरी. ज्यांनी ताटं ओढून घेतली त्यांच्याच बायका पोरांचे कपडे काढून, हात वर करून, मान वाकवून दाखवत होत्या. उद्या दवाखान्यात न्यायचीच होती, पण त्यांना उद्यापर्यंत दम नव्हता. मी एकाही पोराला हात लावला नाही. चुलतभावाच्या एका पोरीच्या पोटरीवर मला शंका आली. मी ते तिच्या आईला हळू आवाजात सांगितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

सगळी पोरं झाली. घर रिकामं होत आलं. तेव्हा नाना माझ्यासमोर आला, शर्ट काढला आणि पाठ करून जमिनीवर बसला. लूमवर तीस वर्षं वाकून त्याच्या पाठीचा कणा एका बाजूला गेलेला, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी हात मागेच ठेवून खाली वाकून बघितलं आणि म्हणालो, काही नाही नाना, साफ आहे.

तो उठला नाही. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "आशी दूरथून नही. हात लाईसन दख."

मी उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ गरम होती की गार, ते त्या हाताला कळलं नाही. ती थरथरत होती, तेवढं मला दिसत होतं.